कुऱ्हाडीच्या धारेचा तुकडा

तो तुकडा कापसात गुंडाळलेला, प्लास्टिकच्या डबीत घातलेला, उत्तर युरोपातल्या एका म्युझियमकडून आला. डबी उघडायला सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः आधी साबणाने हात धुऊन आले. आत करंगळीच्या नखाच्या दुपटीएवढं काहीतरी तपकिरी, खडबडीत पडलं होतं. रस्त्यात दिसलं असतं तर मी चपलेच्या टोकाने बाजूला सारलं असतं. व्हायकिंगांच्या, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लढवय्यांच्या, काळातल्या एका कुऱ्हाडीच्या धारेचा तो तुकडा होता. कुऱ्हाड एका कबरीत सापडली होती, मालकाच्या शेजारी ठेवलेली.

सोबतच्या पत्रात अट होती. तुकडा एकदाच कापायचा, एक अर्धा तपासायचा आणि दुसरा हात न लावता परत पाठवायचा. सरांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं.

माझं पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं. चंडीगडच्या कडेला असलेल्या एका संशोधन संस्थेत मी जुन्या लोखंडावर काम करत होते. घरी, कोल्हापुरात, सगळ्यांची समजूत अशी की मुलगी तिकडे पंजाबात काहीतरी फार मोठं करते आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर नमुने घासत बसायचे. सर माझे गाईड. त्यांच्या हिशेबाने हा तुकडा म्हणजे माझ्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय होता, पण खरं तर तो त्यांचा स्वतःचा हट्ट होता. सगळी नोकरी त्यांनी वीजकेंद्रांतल्या फुटलेल्या नळ्या तपासण्यात काढली होती आणि उरलेल्या वेळात जगभरच्या म्युझियमांना पत्रं लिहिली होती. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. या एकाने तुकडा पाठवला.

सर मूळचे नागपूरकडचे. काकू सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे राहायला तिथल्या क्वार्टरमध्ये. मी सेक्टर बावीसमध्ये एका खोलीत पेइंग गेस्ट होते आणि दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असायचे. त्यांच्या मुलीला मराठी समजायचं, पण उत्तर ती हिंदीत द्यायची, आणि मी गेले की सर मराठीची सगळी भूक माझ्यावर भागवून घ्यायचे. दिवाणखान्यात शोकेस नव्हतं, त्या जागी व्हायकिंग होते. मनीमाजऱ्याच्या सुताराकडून करून घेतलेली गोल लाकडी ढाल, तिच्या मधोमध लोखंडी वाटी. त्या वाटीमागे एकच मूठ होती. ही ढाल हातावर पट्ट्यांनी बांधत नसत, मुठीत धरत आणि समोरच्याच्या अंगावर ढकलत, हे सरांनी मला सोफ्यावरून उठवून, ढाल हातात देऊन शिकवलं होतं. भिंतीला टेकवलेला एक भाला होता. त्यावर काकू ओले टॉवेल वाळत घालायच्या आणि सर ते मुकाट्याने काढायचे.

“तलवार म्हणजे मालदार माणसाचं काम बरं,” सर सांगायचे. “भाला आन कुऱ्हाड सगळ्यांजवळ राहायची. दिवसभर लाकडं फोडा, वेळ आली की तीच घेऊन लढाईला चाला.” व्हायकिंगांनी कधी घातलंच नाही अशा त्या शिंगांच्या शिरस्त्राणाविषयी कुणी विचारलं की मात्र ते त्या माणसाला दुसऱ्यांदा चहा विचारायचे नाहीत.

कड्यांचं एक चिलखतही त्यांच्याकडे होतं. एका रविवारी काकूंनी हसत हसत ते मला घालायला लावलं. डोक्यातून घालताना काही वाटलं नाही. अंगावर आल्यावर सगळा भार खांद्यांवर बसला. सर म्हणाले, कमरेला पट्टा आवळ, म्हणजे अर्धं वजन कमरेवर येते. काढताना मी अडकले. हात वर केले की कड्या केसांत रुतायच्या, खाली केले की चिलखत हलायचं नाही. सर म्हणाले, “ओढू नको. खाली वाक आन हात मोकळे सोड, ते आपलं आपण उतरते.” मी वाकले आणि ते डोक्यावरून घरंगळून फरशीवर पडलं. सगळे हसले, मीही हसले. पण तेवढ्या दोन मिनिटांत मला दरदरून घाम फुटला होता.

अशा माणसाकडे आलेला तो तुकडा होता, आणि तो माझ्या हातात दिला गेला.

कापायची सरांची पद्धत ठरलेली होती. तुकडा आधी रेझिनमध्ये बसवायचा, रेझिन रात्रभर घट्ट होऊ द्यायचं, मग सावकाश फिरणाऱ्या करवतीवर तीन-चार तास लावून कापायचा. त्या आठवड्यात ती करवत दुसऱ्या कुणाच्या नावावर लागलेली होती. सर मीटिंगसाठी दिल्लीला गेले होते. माझ्या भावाचं लग्न होतं आणि दुपारी माझी गाडी होती. तुकडा मी परत आल्यावर कापला असता तर आकाश कोसळलं नसतं. पण पाच वर्षं झाली, अजून संपत कसं नाही, हे लग्नात प्रत्येक मावशी विचारणार हे मला माहीत होतं, आणि शेवटचा नमुनाही कापून आले असं मला सांगायचं होतं. घाई माझीच होती, त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

मी तुकडा तसाच शिकंज्यात आवळला आणि वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या कटरवर लावला. त्या कटरला पाण्याची नळी असते. कापताना धातू तापू नये म्हणून पाणी सतत कापाच्या जागी पडत राहायला हवं. पंप चालू होता, पाण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर मी विसंबले. पाणी पडत होतं, पण शिकंज्यावर. रोजचे नमुने मोठे असतात, त्यांना ते पुरतं. एवढ्याशा तुकड्यासाठी नळीचं तोंड वळवायला हवं होतं, ते मी वळवलं नाही. कापायला काही क्षणच लागले. जळका वास आला. झाकण उघडलं तर कापलेलं तोंड निळं पडलं होतं, मोरपिशी निळं, कडेला राखाडी.

निळ्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. माझे वडील आयुष्यभर लेथवर राहिलेले. लोखंडाच्या धारेला पाणी दिलं की ती कठीण होते, आणि तीच पुन्हा तापली की पाणी उतरतं, धार मऊ पडते. निळा रंग म्हणजे ती तापली. लहानपणी मी घरातल्या विळीला धार लावायला म्हणून ती त्यांच्या ग्राइंडरवर धरली होती आणि निळी करून टाकली होती. तेव्हा त्यांनी मला ओरडण्याऐवजी ती विळी आठवडाभर वापरायला लावली. टोमॅटोसुद्धा चिरला जात नव्हता.

तरीही मी ते निळं तोंड बारीक पॉलिश कागदावर घासलं. दोन मिनिटांत ते चकचकीत झालं. वरवरचं होतं, निघून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं आणि स्टेशनवर गेले.

लग्नाहून परत आल्यावर मी कठीणपणा मोजला. यात हिऱ्याचं एक बारीक टोक धातूवर दाबतात आणि उमटलेला चौकोनी ठसा मायक्रोस्कोपखाली बघतात. धातू कठीण असेल तर ठसा लहान, मऊ असेल तर मोठा. माझे सगळे ठसे मोठे आले. धार म्हणून जी पोलादाची पट्टी त्या कुऱ्हाडीला जोडली होती, ती मऊ होती. मी ते आकडे सरांच्या टेबलावर ठेवले. निळ्या रंगाचं सांगायचं असं ठरवूनच मी आत गेले होते.

सर आकड्यांकडे बघत राहिले आणि मग खुर्चीतून उठले. “म्हणजे ही कुऱ्हाड लढायले बनवलीच नव्हती,” ते म्हणाले. “बघ ना बाई. पोलाद लावलं, आकार दिला, सगळं केलं, फक्त पाणी दिलं नाही. कबरीत ठेवायसाठीच बनवली असंल. मेलेल्या माणसाले धार कशाले पाहिजे.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. मी म्हणाले, “सर, अजून एकदा मोजू या का?” ते म्हणाले, “दहादा मोज.” मी दहादा मोजलं. त्याच तोंडावर मोजलं, म्हणून दहाही वेळा तेच आलं.

त्यानंतरचे चार महिने मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. बाहेरून सगळं उत्तम चाललं होतं. सरांनी लेख लिहायला घेतला. परदेशातल्या एका परिषदेने त्यांना बोलायला बोलावलं आणि म्युझियमने त्यांना उरलेली कुऱ्हाड हातात घेऊन बघायची परवानगी दिली. सरांचा हा पहिलाच परदेश प्रवास. ते रोज सकाळी मला एक नवीन वाक्य वाचून दाखवायचे आणि मी “छान आहे सर” म्हणायचे. खरं सांगितलं तर सरांचा चेहरा पडणार आणि माझा प्रबंध अडकणार. नाही सांगितलं तर सर परक्या लोकांसमोर उभं राहून एका मेलेल्या लोहाराविषयी माझी थाप खरी म्हणून सांगणार. मी रोज सकाळी यातलं एक निवडायचे आणि संध्याकाळी दुसरं. चंडीगडचे रस्ते सरळ, सेक्टर आखलेले, प्रत्येक चौकात तोच गोल. संध्याकाळी चालायला निघायचे तर कितीही वळले तरी मी शेवटी ओळखीच्याच चौकात यायचे. इथे हरवायचीसुद्धा सोय नाही म्हणून मला त्या शहराचा राग यायचा. शहराचा त्यात काय दोष होता.

वडिलांना फोनवर मी कौतुकाने सगळं सांगितलं, निदान माझा सूर कौतुकाचा होता. हजार वर्षांपूर्वीची कुऱ्हाड आणि धार मऊ, पाणीच दिलेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

“कापताना पाणी व्हतं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“होतं,” मी म्हणाले.

“मग बरं,” ते म्हणाले आणि भावाच्या नव्या संसाराचं बोलायला लागले.

पाणी होतं हे खोटं नव्हतं. एका लेथवाल्याने पाचशे कोसांवरून जो प्रश्न पहिला विचारला, तो आमच्या संस्थेत मला कुणीच विचारला नव्हता, कारण मी चुकेन असं तिथे कुणाला वाटतच नव्हतं. मी फार व्यवस्थित मुलगी म्हणून प्रसिद्ध होते.

गणपतीत महाराष्ट्र मंडळात सरांचं भाषण ठेवलं. पीजीआय हॉस्पिटलचे डॉक्टर, विद्यापीठाचे प्राध्यापक, मोहालीतली आयटीवाली पोरं, सगळी मराठी मंडळी प्रसादाच्या आधी खुर्च्यांवर बसली होती. सरांनी ढाल आणली होती, भाला आणला होता, आणि शेवटी पडद्यावर माझे ते मोठे चौकोनी ठसे दाखवले. “हे काम माझ्या विद्यार्थिनीचं आहे,” ते म्हणाले, “मी फक्त बघून राहिलो.” सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. मला तिथून उठून जायचं होतं, पण मी रांगेच्या मधोमध बसले होते आणि दोन्ही बाजूंनी गुडघेच गुडघे होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला सेक्टर सतराला नेलं, सरांच्या कोटाचं माप द्यायचं होतं. सर शिंप्यासमोर हात पसरून उभे होते आणि मला विचारत होते, “तिकडे थंडी किती राहते गं?” मी म्हणाले, “खूप असते सर.” काकू म्हणाल्या, “इतक्या वर्षांत स्वतःसाठी पहिल्यांदा काही शिवून राहिले, बघ.” त्या संध्याकाळी मी खोलीवर गेले नाही, लॅबमध्ये गेले.

मी तो अर्धा तुकडा काढला आणि कापलेल्या तोंडावरून हाताने, भरपूर पाणी घालत, थर घासायला सुरुवात केली. तापलेला भाग किती खोल गेला होता ते मला माहीत नव्हतं. खाली हेच मऊ लोखंड असेल तर सरांचं म्हणणं खरं आणि मी सुटले. कठीण निघालं तर तो मऊपणा मी आणलेला. थोडं घासायचं, ठसा घ्यायचा. पुन्हा घासायचं. मी देवाचं नाव घेत नाही फारसं, त्या वेळी घेतलं. चौथ्या वेळी ठसा लहान आला. त्याच्या खाली आणखी लहान, इतका लहान की तो शोधायला मला मायक्रोस्कोपची भिंगं बदलावी लागली. कुऱ्हाड कठीण होती. ज्याने केली होती त्याने तिला नीट पाणी दिलं होतं आणि मी ते काही क्षणांत उतरवलं होतं.

सकाळी सर आले तेव्हा मी केबिनच्या दारात उभी होते. मी सगळं सांगितलं, करवतीपासून निळ्या रंगापर्यंत. लग्नाचं सांगितलं. घासून टाकल्याचं सांगितलं. बोलताना माझं लक्ष त्यांच्या टेबलावरच्या भाषणाच्या कागदांकडे जात होतं. सगळं ऐकून ते म्हणाले, “दाखव.”

ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं आता ओरडतील. आयुष्यात मला कुणाच्या ओरडण्याची इतकी गरज वाटली नव्हती.

“काय सुंदर पाणी दिलं आहे गं,” ते म्हणाले. “ना भट्टीचं माप, ना घड्याळ. नुसत्या रंगावरून.” त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला, मग खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “म्युझियमले लिहावं लागते. त्यांचा अर्धा तुकडा पण त्या बाजूने तापला असंल, त्यांना माहीत पाहिजे. मी सांगतो, तू टाइप कर.”

त्यांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. नमुना कापताना थंड ठेवण्यात चूक झाली. त्यामुळे आधी कळवलेले निष्कर्ष रद्द समजावेत. परिषदेतलं भाषण मी मागे घेत आहे. मग ते थांबले आणि म्हणाले, “लिही, तुकडा मी स्वतः कापला.”

“सर, असं नको,” मी म्हणाले.

“तुझा थीसिस जमा व्हायचा आहे. तुझं अख्खं आयुष्य राहिलं आहे अजून. माझी नोकरी दोन वर्षं राहिली, माझं काय बिघडते.” ते खिडकीकडे बघत बोलत होते. “लिही ना बाई.”

मी अजून एकदा नको म्हणायला हवं होतं. तिसऱ्यांदाही म्हणायला हवं होतं. लॅपटॉप बंद करून उठायला हवं होतं. माझी बोटं कीबोर्डवर होती, आणि मी लिहिलं. त्यांनी ते वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हणाले, पाठव. मी पाठवलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. मला हायसं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

म्युझियमचं उत्तर दोन दिवसांत आलं. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी दोन्ही अर्धे ताबडतोब परत मागवले आणि यापुढे काही पाठवणं शक्य होणार नाही असं कळवलं. डबी मीच पॅक केली. सर पुन्हा वीजकेंद्राच्या नळ्यांकडे वळले. मी रविवारी जेवायला जात राहिले, कारण गेले नसते तर काकूंनी कारण विचारलं असतं. सरांनी घरी काय सांगितलं होतं ते मला कधी कळलं नाही. काकू मला पूर्वीसारखंच आग्रहाने वाढायच्या.

पुढच्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. प्रबंधात त्या कुऱ्हाडीवर एक लहानसा भाग राहिला होता, तापलेल्या थराविषयी, नमुना सरांनी कापल्याच्या तळटीपेसकट. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि हिंदीत विचारलं, “ये सैंपल तो आपके गाइड से खराब हुआ था ना?”

सर समोरच बसले होते, भिंतीकडच्या खुर्चीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वेळ होता. परीक्षक पान हातात धरून थांबले होते, कुणालाही घाई नव्हती.

“जी,” मी म्हणाले.

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.